तळघरात शेती खात्याच्या बाई

शेती खात्याच्या बाई अकराला येणार होत्या, आणि रॉनीने ही गोष्ट घराबाहेर कोणालाही सांगितलेली नव्हती. त्यामुळे ओल्गाआत्या साडेनऊलाच आली.

"मला कोणी काही सांगत नाही," तळघराचा जिना उतरता उतरता ती म्हणाली. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात अक्रोडाच्या चंद्रकोरी कुकींचा डबा. "चर्चमध्ये परक्या बाईकडून कळतं, की माझ्या भावाच्या घरात सरकार येतंय."

"सरकार नाही, आत्या. एक बाई येतायत. स्वयंपाकघर बघायला. घरी करून विकायचं तर आधी शेती खात्याकडे नोंदणी करावी लागते."

"कुकी शेतात पिकतात?"

"नाही."

"मग?"

हाच प्रश्न रॉनीने स्वतः फोनवर विचारला होता आणि पलीकडच्या माणसाने फक्त अर्जाचा क्रमांक सांगितला होता.

जिन्याच्या पायथ्याशी पप्पा खुर्ची टाकून बसले होते, अंगात कोट. रॉनीच्या आईच्या अंत्यविधीनंतर तो कोट आज पहिल्यांदा कपाटाबाहेर आला होता. कारखान्यात तपासणीला साहेब यायचे तेव्हा कसं वागायचं हे ते पोलादाच्या भट्टीशेजारी शिकले होते. कमी बोलायचं, आणि विचारलं तर सांगायचं की ते आधीपासूनच तसं होतं.

हुडाकांच्या घरात, या टेकडीवरच्या सगळ्याच जुन्या घरांसारखी, दोन स्वयंपाकघरं होती. वरचं बघायला, खालचं रांधायला. वरच्या ओव्हनमध्ये आजीच्या काळापासून काहीही शिजलेलं नव्हतं. त्यात नाताळचे दिवे ठेवलेले असत. खरा कारभार तळघरात. दोन शेगड्या, दगडी हौदासारखं मोठं बेसिन, आणि आईचं लांब लाकडी टेबल, ज्यावर तिने निम्म्या गावाच्या लग्नाच्या कुकी लाटल्या होत्या. रॉनीने गेले तीन आठवडे या तळघराचा कोपरा न् कोपरा घासला होता. भिंतींना रंग दिला, फ्रिजमध्ये तापमापक टांगला, नळाच्या तोट्याही ब्रशने घासल्या. नियमाप्रमाणे घरात पाळीव प्राणी चालत नाही म्हणून मांजर शेजारी दिलं. मांजराने जाताना मागे वळूनही पाहिलं नाही.

ओल्गाआत्या शेगडीजवळच्या तिच्या नेहमीच्या जागी जाऊन बसली, डबा मांडीवर घेतला आणि भाचीकडे पाहिलं.

"लग्नाच्या कुकी तू विकणार."

"हो."

"पैसे घेऊन."

"विकणं म्हणजे तेच असतं, आत्या."

"स्टीव्ह, ऐकतोयस ना? तुझी पोरगी काय म्हणते?"

पप्पांनी कोटाचं बटण लावलं. साहेब अजून आलेले नसले तरी सवय असलेली बरी.

तेवढ्यात मागच्या गल्लीतलं दार उघडून मिलीमावशी आत आली. तिच्याही हातात डबा होता. आईची ही धाकटी बहीण आणि पप्पांची ही थोरली बहीण रॉनीच्या लग्नापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. लग्नातलं कुकीचं टेबल लावताना ओल्गाआत्याने मिलीमावशीच्या लेडीलॉक, म्हणजे क्रीम भरलेल्या त्या नाजूक सुरळ्या, कॉफीच्या पिंपामागे ठेवल्या होत्या. चुकून, असं तिचं म्हणणं. रॉनीचं लग्न सात वर्षं टिकलं. पिंपाचं भांडण अजून टिकून होतं.

"रॉनी," मिलीमावशी म्हणाली, "तुझ्या आत्याला सांग, दारात तिची गाडी आडवी लागलीय."

"आत्या, गाडी आडवी..."

"तिला सांग, ती आडवी नाही. रस्ता तिरका आहे."

"मावशी, रस्ता..."

"ऐकलं मी. बरं, तिला हेही सांग, की या एका बाबतीत मी तिच्या बाजूची आहे."

ओल्गाआत्याने मान वळवली. पप्पांनीही वर पाहिलं.

"कुठल्या बाबतीत?" रॉनीने विचारलं.

"लग्नाच्या कुकी विकत नसतात, पोरी. लग्न ठरलं की आत्या, मावश्या, काकवा, शेजारणी, सगळ्या भाजायला लागतात. महिनाभर आधीपासून. टेबल भरलं की लोकांना कळतं, या मुलीच्या मागे माणसं आहेत. आता ते टेबल दुकानातून आलं तर लोकांना काय कळणार? की हिच्याकडे क्रेडिट कार्ड आहे?"

"बरोब्बर," ओल्गाआत्या म्हणाली. आणि मग आपण कोणाला दुजोरा दिला हे लक्षात आल्यावर डब्याचं झाकण उगाच दाबून पाहिलं.

"पण ज्यांच्या मागे माणसंच नाहीत त्यांनी काय करायचं?" रॉनी म्हणाली. "ही केल्सी म्हणून मुलगी आहे. ॲरिझोनाची. आपल्या नोव्हाकांच्या मुलाशी तिचं पुढच्याच्या पुढच्या शनिवारी लग्न आहे. सासूने तिला विचारलं, तुझ्या बाजूने किती आत्या-मावश्या भाजतायत? तिला प्रश्नच कळला नाही. तिची आई एकुलती एक, बाप एकुलता एक."

"एकही आत्या नाही?"

"नाही."

"मावशी?"

"तीही नाही."

"मग वाढवली कोणी तिला?" ओल्गाआत्याने खऱ्या काळजीने विचारलं.

"आईबापांनीच."

"अरेरे."

दोघी म्हाताऱ्या क्षणभर त्या पोरक्या ॲरिझोनाचा विचार करत राहिल्या. रॉनीला वाटलं, आता वितळतायत. पण ओल्गाआत्या इतक्या कमी आचेवर वितळणारी नव्हती.

"तरीसुद्धा," ती म्हणाली. "हुडाकांच्या घरात पैसे घेऊन कुकी दिलेली नाही. त्या बाईंसमोर मी तसं सांगणार. मला विचारलं तर."

"तुला कोण विचारणार आहे?"

"न विचारलं तरी सांगणार."

अकराला दोन मिनिटं असताना घंटी वाजली.

शेती खात्याच्या बाईंचं नाव मिस झिमरमन होतं. रॉनीच्या मनात कोणीतरी जाडजूड, करड्या केसांची बाई होती. प्रत्यक्षात पंचविशीतली एक सडपातळ मुलगी दारात उभी होती. राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाची. तिकडे लोक तळघरात बटाटे ठेवतात, असं तिनेच जिना उतरताना सांगितलं. खाली येताच तिने डोक्याला जाळी लावली, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, आणि इतक्या आदराने चहूकडे पाहिलं की पप्पा उभेच राहिले.

"हे आधीपासूनच असं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"जे काही तुम्ही बघाल ते."

रॉनीने त्यांना हळूच परत बसवलं.

तपासणी सुरू झाली. बाईंनी फ्रिजचं तापमान पाहिलं, मान डोलावली. गरम पाण्याचा नळ सोडला, बोट धरलं, मान डोलावली. पिठाचे डबे, घट्ट झाकणं, जमिनीपासून उंच फळ्या. प्रत्येक वेळी मान डोलायची आणि रॉनी मनातल्या यादीतली एक ओळ खोडायची. दंतवैद्याचा दवाखाना बंद झाल्यापासून, म्हणजे तिचं खिडकीत बसून लोकांना तारखा देण्याचं काम गेल्यापासून, ती असं काहीच करू शकली नव्हती ज्यावर कोणी मान डोलवावी.

"मांजर वगैरे?"

"होतं. गेलं."

"अरेरे. वाईट झालं."

"शेजारी गेलं. मजेत आहे."

मिस झिमरमन हसल्या. "खरं सांगू का, इतकं स्वच्छ घरगुती स्वयंपाकघर मी या वर्षात पाहिलेलं नाही." मग त्या उरलेली बाजू बघायला वळल्या आणि त्यांचं हसू चेहऱ्यावर जिथल्या तिथे थांबलं.

"मॅडम," त्या ओल्गाआत्याला म्हणाल्या, अगदी सावकाश, "तुम्ही कशावर बसला आहात?"

सगळ्यांनी ओल्गाआत्याकडे पाहिलं. ओल्गाआत्याने स्वतःखाली पाहिलं.

ती कमोडवर बसली होती.

पांढरंशुभ्र, पाण्याच्या टाकीसकट, झाकण लावलेलं कमोड. तळघराच्या उघड्या फरशीवर, शेगडीपासून हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर. भोवती भिंत नाही, पडदा नाही, आडोसा म्हणून एखादं रोपटंही नाही. रॉनीच्या आजोबांनी, यानो हुडाकांनी, घर बांधलं तेव्हा बसवलेलं. टेकडीवरच्या प्रत्येक तळघरात असं एक होतंच, कारण कारखान्यातून काजळीने माखून आलेल्या माणसाला कोणतीच बायको त्या अवतारात वर येऊ देत नसे. रॉनी या कमोडच्या आसपास लहानाची मोठी झाली होती. तीन आठवडे घासताना तिने तेही घासलं होतं, दोन वेळा, आणि झाकणाला पॉलिशसुद्धा केलं होतं. पण जशी माणसाला स्वतःच्या नाकाची बाजू दिवसभर दिसत असते आणि तरी दिसत नाही, तसं ते तिला दिसलंच नव्हतं. कोणालाच दिसलं नव्हतं.

"बसायला आहे म्हणून बसले," ओल्गाआत्या म्हणाली. "बाकी खुर्च्या कडक आहेत."

"हे चालू आहे?"

"एकदम!" पप्पा अभिमानाने उठले. "दाखवू?"

"नको," मिस झिमरमन आणि रॉनी एकदम म्हणाल्या.

बाईंनी खोल श्वास घेतला. "हे बघा, मला खरंच आवडलंय हे स्वयंपाकघर. पण संडास स्वयंपाकघरात चालत नाही."

"नियमात काय म्हटलंय नेमकं?" मिलीमावशीने विचारलं. तिचा नवरा युनियनचा माणूस होता. नेमकं काय म्हटलंय हे विचारायची सवय त्याच्यामागे तिच्याकडे राहिली होती.

"संडासाच्या खोलीचं दार स्वयंपाकाच्या जागेत उघडता कामा नये."

ओल्गाआत्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "खोली कुठंय?"

"खोली नाहीये, मॅडम. तोच तर..."

"दार?"

"दारही नाही."

"मग कुठे काय उघडतंय?"

मिस झिमरमन प्रामाणिक होत्या. त्यांनी त्यावर खरोखर विचार केला. तळघरातले सगळे त्यांच्याकडे आशेने बघत होते.

"हा मुद्दा माझ्यासमोर आजवर कोणी मांडला नव्हता," शेवटी त्या म्हणाल्या.

"मग आता मांडलाय, पोरी."

"पण मला वाटतं, नियम लिहिणाऱ्यांना सुचलंच नसणार की कोणी..." त्यांनी हाताने एक गोल केला, ज्यात कमोड, शेगडी, ओल्गाआत्या आणि अक्रोडाच्या चंद्रकोरी एकत्र बसत होत्या. "माफ करा. मला हे पास करता येणार नाही. भिंत आणि दार घालून मधे एक मोकळी जागा ठेवा, नाहीतर हे काढा. इकडे माझी पुढची फेरी पुढच्या महिन्यात आहे."

"पुढच्या महिन्यात?" रॉनी म्हणाली. "लग्न पुढच्याच्या पुढच्या शनिवारी आहे."

बाईंनी घड्याळ पाहिलं. "दुपारी नदीपलीकडे एक मुरंबेवाल्या आजी आहेत. त्यांचं बघून मी चारला याच रस्त्याने परत जाणार. तोवर काही करता आलं तर बघा." आणि जिना चढता चढता थांबून त्या म्हणाल्या, "तुमच्या शेल्फांची रचना फार छान आहे, बरं का." हे त्या मनापासून म्हणाल्या, म्हणून ते जास्तच लागलं.

दार लागलं. मग रॉनीने पप्पांकडे पाहिलं.

"पप्पा."

"नाही."

"मी अजून काही बोललेच नाही."

"मला कळलंय. नाही."

"पप्पा, तुम्ही कारखान्यात पाइप जोडायचात, पाइपफिटर होता. चार तास म्हणजे तुम्हाला..."

"काढता येतं का असं विचारलंस तर अर्ध्या तासात येतं. मी नाही म्हटलं." पप्पांनी कोट काढला, घडी घातली, मांडीवर ठेवला. "माझा बाप वर कधी बोलला नाही, माहितीय? जेवताना नाही, चर्चमधून येताना नाही. घरी यायचा, त्या दाराने आत, बेसिनवर हात-तोंड धुवायचा, आणि तिथे बसायचा. मी इथे, या पायरीवर. आणि मग तो बोलायचा. भट्टीत काय झालं, कोण कोणाशी भांडलं, गावाकडे स्लोव्हाकियात त्याच्या आईने लांडग्याला कसं पळवलं. सगळं. उठला की बोलणं संपलं."

"मला कधी नाही सांगितलं काही," ओल्गाआत्या म्हणाली.

"तू वर असायचीस."

"मला वर ठेवायचे. माणसं तिथे बसलेली असताना मुलींनी खाली यायचं नाही, म्हणायचे."

"ते बरोबरच होतं," मिलीमावशी म्हणाली.

रॉनी कोपऱ्यात उभी राहून हातातला नॅपकिन दुमडत होती. तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. तीसुद्धा याच पायरीवर बसायची. पप्पांनीही तिला जे काही सांगितलं ते तिथूनच सांगितलं होतं; आई आजारी आहे हेसुद्धा. या माणसाला ते काढ कसं म्हणायचं?

"राहू द्या, पप्पा," ती म्हणाली. "खरंच राहू द्या. मी मार्कला फोन करते."

"मार्कला कशाला?" ओल्गाआत्याने विचारलं. मार्क म्हणजे रॉनीचा धाकटा भाऊ, खाली दक्षिणेत शार्लटला राहणारा, नाताळाला फळांची टोपली पाठवणारा.

रॉनीने नॅपकिन पुन्हा उलगडला. पप्पा कोटाकडे पाहत म्हणाले, "त्याच्या ओळखीच्या दंतवैद्याकडे हिच्यासाठी जागा आहे. ही नोंदणी झाली नाही तर ही तिकडे जाणार."

"शार्लटला? कायमची?"

"नोकऱ्या कायमच्याच असतात, आत्या. बहुतेक."

"आणि हा?" मिलीमावशीने पप्पांकडे बोट केलं. "हा इथे एकटा? दोन स्वयंपाकघरांत?"

"मार्क म्हणतो, पप्पांनीही तिकडे यावं."

"मी नाही जाणार," पप्पा म्हणाले. "तिकडच्या घरांना तळघरं नसतात."

फ्रिज मधेच घुरघुरला आणि थांबला. मग ओल्गाआत्याने मांडीवरचा डबा टेबलावर ठेवला, गुडघ्यांवर हात टेकले आणि उठली. ती त्या जागेवरून उठताना घरातल्या बाकीच्यांच्या मनात दर वेळी एकच विचार यायचा, की आता ती घरी निघाली. ती घरी निघाली नाही. वळून तिने कमोडकडे पाहिलं, जसं लग्नात दुसऱ्याच्या ताटाकडे पाहते तसं.

"स्टीव्ह, पाना कुठे आहे?"

"ओल्गा, मी सांगितलं ना..."

"बापाने तुला सगळं सांगितलं आणि मला काहीच नाही. ते तुझं तू बघ. पण आता तुझ्या पोरीला पायरीवर बसायचं असेल तर पोरगी इथे हवी, की भांडं इथे हवं?"

पप्पांनी बहिणीकडे पाहिलं. मग पायरीकडे. मग बराच वेळ रॉनीकडे, आणि रॉनीने नजर चुकवली नाही, जरी तिला चुकवायची होती.

"तुला पाना धरता येत नाही," शेवटी ते म्हणाले. "आण इकडे."

अर्ध्या तासाचं काम नव्हतं. बुडाचे बोल्ट गंजून दगड झाले होते. पप्पा ओणवे, हाताच्या शिरा फुगलेल्या, तोंडातून स्लोव्हाक शब्द, जे रॉनीला फक्त चर्चच्या सहलीत ऐकलेले आठवत होते. रॉनीने पाण्याचा नळ बंद करून टाकी उपसली. पाना घसरला, पुन्हा बसवला, पुन्हा घसरला.

"याला काहीतरी तुपकट लावा," ओल्गाआत्या म्हणाली. "लुड्मिला, ते वनस्पती तूप आण. फळीवरचं."

मिलीमावशी जागच्या जागी थांबली. "मला म्हणालीस?"

"या तळघरात दुसरी लुड्मिला कोण आहे?"

"नाही, म्हणजे तू रॉनीला सांग, असं नाही म्हणालीस."

"तूप आणतेस की नाही?"

मिलीमावशीने तूप आणलं. इतकं आणलं की ते बोल्टला, पान्याला आणि पप्पांच्या कोपराला एकदमच पुरलं. दोघी म्हाताऱ्या गुडघे टेकून कमोडच्या दोन बाजूंना बसल्या, एकीने टॉर्च धरला, दुसरीने बोल्टवर बोटाने तूप चोळलं, आणि अशा बोलत राहिल्या जणू मधली वर्षं कोणी कॉफीच्या पिंपामागे ठेवून दिली होती.

"लेडीलॉकचं पीठ तू गार करतेस की अजून घाई करतेस?"

"घाई मी कधीच केली नाही. तुला चावायची घाई असते."

"त्या बिनआत्यांच्या मुलीच्या टेबलाला उभं कोण राहणार?" ओल्गाआत्या म्हणाली. "नुसत्या कुकी ठेवल्या आणि मागे कोणी नाही, तर ते दुकान दिसतं. मागे कोणीतरी हवं. लोकांना म्हणणारं, ती नको, ही घ्या, ती कोरडी झालीय."

"मग तू जा."

"मी? अनोळखी लोकांच्या लग्नात? पैसे घेऊन दिलेल्या कुकींमागे?" टॉर्च जरा हलला. "कुठला शनिवार म्हणालीस, रॉनी?"

बोल्ट कुरकुरला आणि सुटला.

वजन मात्र कल्पनेपेक्षा भलतंच निघालं. चौघांनी मिळून ते गल्लीच्या दाराने बाहेर काढलं, उतारावर तोल सांभाळत घराच्या पुढच्या बाजूला आणलं, आणि रस्त्यावर जिथे ओल्गाआत्याची गाडी आडवी लागली होती तिथे, गाडी हलवून, दम खायला टेकवलं. म्हणजे तात्पुरतं. पप्पा आत जाऊन फरशीतल्या नळीला बूच मारून वर सिमेंट भरू लागले. रॉनीने फरशी धुतली. पुन्हा धुतली.

या टेकडीवर रस्त्यात कोणी खुर्ची ठेवली की ती जागा त्या घराची. बर्फ असो की ऊन, पोलीसही ती खुर्ची हलवत नाहीत. हलवणाऱ्याला पुढची पिढी ओळख देत नाही. रॉनी कचरा टाकायला वर आली तेव्हा शेजारचे पाव्हलिक दुकानातून येत होते. गाडी हळू झाली. त्यांनी कमोडकडे पाहिलं, मान झुकवली, आणि पुढे जाऊन पार खालच्या वळणावर जागा शोधली.

चार वाजून गेल्यावर मिस झिमरमन दारात आल्या. धापा टाकत, बुटाच्या पिशव्या हातात.

"खाली चर्चपाशी जागा मिळाली," त्या म्हणाल्या. "इथे तुम्ही... ठेवलेलं दिसलं."

ओल्गाआत्याने त्यांच्याकडे आज पहिल्यांदा पसंतीने पाहिलं.

बाई खाली उतरल्या. फरशीवर ओल्या सिमेंटचा एक गोल होता, ताटाएवढा, आणि त्याच्याभोवती पप्पांनी चार खुर्च्या लावून ठेवल्या होत्या, कोणी चुकून पाऊल टाकू नये म्हणून. पप्पा परत कोट घालून बसले होते. कोपराला अजून तूप होतं.

"हे आधीपासूनच असं होतं," ते म्हणाले.

मिस झिमरमननी खाली वाकून पाहिलं, बूच पाहिलं, वर संडास आहे ना एवढं विचारून घेतलं, आणि कागदावर सही केली. सही करताना पेन एकदा अडलं. मग पेन पुढे सरकलं.

"अभिनंदन, मिस हुडाक. आजपासून तुम्ही विकू शकता."

रॉनीने बाईंचा हात धरला आणि गरजेपेक्षा बराच जास्त वेळ हलवत राहिली.

मिलीमावशीने लगेच ताटात लेडीलॉक काढल्या, ओल्गाआत्याने आपल्या चंद्रकोरी शेजारी मांडल्या. शेजारी, पुढे नाही, मागे नाही. "घे, पोरी. दमलीस."

मिस झिमरमनचा हात पुढे आला आणि मागे गेला. "मला नाही घेता येत. तपासणीला जाते त्या घरून काही फुकट घेतलं तर माझी नोकरी जाईल. खरंच. नियम आहे."

"एक कुकी?"

"एकसुद्धा नाही."

ही मोठीच पंचाईत होती. हुडाकांच्या तळघरातून आजवर कोणीही रिकाम्या हाताने वर गेलं नव्हतं. मीटर वाचायला येणारा माणूस नाही, एकदा आलेला चोरही नाही. दोन्ही म्हाताऱ्या ताटाकडे पाहत राहिल्या. मुलगी दमलेली होती, तिला चर्चपर्यंत चालत जायचं होतं, आणि कुकी तिथेच होत्या. रॉनी आत्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिथे एक फार जुनं काहीतरी जागचं हलत होतं, आणि त्यालाही बोल्ट होते.

"विकत चालेल?" ओल्गाआत्या म्हणाली. आवाज इतका खाली होता की मिलीमावशीला कान पुढे करावा लागला.

"विकत? हो. विकत चालेल की."

"मग घे विकत. एक डॉलर."

मिस झिमरमननी पाकीट उघडलं. "माझ्याकडे वीसचीच नोट आहे."

ओल्गाआत्याने नोट घेतली, उजेडात धरून पाहिली, आणि एप्रनच्या खिशात टाकली. "माझ्याकडे सुटे नाहीत," ती म्हणाली आणि मिठाईचा सगळ्यात मोठा पुठ्ठ्याचा खोका उघडला. चंद्रकोरी भरल्या, लेडीलॉक भरल्या, वर जर्दाळूच्या कुकींचा थर दिला, बाजूच्या फटींत आणखी कोंबल्या. बाई मधे दोनदा "बास" म्हणाल्या. "हिशोब आहे हा," ओल्गाआत्या म्हणाली. "हिशोबात बोलू नये." झाकण लागेना तेव्हा मिलीमावशीने वर हात दाबून धरला आणि ओल्गाआत्याने दोरा बांधला.

बाई गेल्या. खोका दोन्ही हातांनी पोटाशी धरून, पावलं जपून टाकत.

"आत्या," रॉनी म्हणाली, "ती नोट."

"काय तिचं?"

"धंदा माझ्या नावावर आहे."

"नाव तुझं आहे," ओल्गाआत्या म्हणाली. "चंद्रकोरी माझ्या होत्या."

"आणि लेडीलॉक माझ्या," मिलीमावशी म्हणाली. "निम्मी नोट माझी. ओल्गा, चालूपणा नको."

"तुझी एक तृतीयांश. दोरा कोणी बांधला?"

रॉनीने मदतीसाठी पप्पांकडे पाहिलं. पप्पा पायरीवर जाऊन बसले होते, कमोडच्या रिकाम्या जागेसमोर, पण चेहरा खोलीकडे करून. आणि आपल्या शेजारची अर्धी पायरी त्यांनी मोकळी सोडली होती. रॉनी जाऊन तिथे बसली. समोर दोघी म्हाताऱ्या टेबलावर पीठ मापायला लागल्या होत्या, आणि त्या ॲरिझोनाच्या पोरीसाठी किती प्रकार लागतील यावरून नव्याने भांडत होत्या.

"लांडग्याची गोष्ट तुला सांगितली होती का मी?" पप्पांनी विचारलं.

"नाही."

ते सांगायला लागणार, इतक्यात ओल्गाआत्या लाटण्यासकट वळली.

"रॉनी, उद्या सकाळी सहाला खाली. उशीर नको."

"आत्या, मी इथेच राहते."

"मग उशीर व्हायचं काही कारणच नाही," आत्या म्हणाली आणि पिठाकडे वळली.